न झालेली लग्ने, न झालेले दत्तक

आमच्या सदरच्या परिसरात दोन कॅथेड्रल आहेत. एक ऑल सेंट्स, दुसरे सेंट फ्रान्सिस डी सेल्स. एकाकडून दुसऱ्याकडे पायी जाता येते. शाळेत असताना मी एका ख्रिस्ती मित्राला विचारले होते की, देव एकच असताना देवळे दोन का? तो म्हणाला, "एका राजाला बायको सोडायची होती, म्हणून." हे उत्तर अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. उमेदीची बरीच वर्षे मी कोर्टाच्या आवाराबाहेर टाइपरायटर घेऊन बसत असे आणि वकील सांगतील ते मजकूर टाइप करत असे. वाचन चालू होते ते संध्याकाळी, मिळेल त्या पुस्तकांतून. त्या काळात एकदा विवाह रद्दबातल ठरवून मागणारा एक अर्ज माझ्याकडे आला. नवऱ्याची पहिली बायको हयात होती आणि ते लपवून त्याने या बाईशी दुसरे लग्न केले होते. वकिलांनी मजकूर सांगितला : "तथाकथित विवाह". बाई शेजारीच उभ्या होत्या, चार वर्षांची मुलगी हाताशी होती. त्यांनी मला थांबवले. तथाकथित का लिहिता, असे त्या म्हणाल्या. मंडप होता, भटजी होते, पाचशे माणसे जेवून गेली होती. वकिलांनी समजावले की, कायद्याने ते लग्न झालेच नाही, म्हणून तसे लिहावे लागते. बाई गप्प झाल्या. मी टाइप केले. पण तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची गोष्ट मी नंतर वाचली, ती याच शब्दाच्या मागे लागून.

घटस्फोट नव्हे

हेन्रीने सहा लग्ने केली, दोन बायकांना घटस्फोट दिला आणि दोघींची मुंडकी उडवली, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. यातला घटस्फोट हा शब्द चुकीचा आहे. आज आपण घटस्फोट म्हणतो तशी सोय त्या काळच्या ख्रिस्ती कायद्यात नव्हती. रीतसर लागलेले लग्न मरेपर्यंत टिके. नवराबायकोला वेगळे राहण्याची परवानगी मिळू शके, पण दुसरे लग्न करता येत नसे. दुसऱ्या लग्नाचा मार्ग एकच होता : पहिले लग्न मुळातच झाले नव्हते, असे धर्मन्यायालयाकडून ठरवून घ्यायचे.

फरक शब्दाचा वाटला तरी परिणाम फार वेगळे होतात. घटस्फोटात लग्न होते आणि आता संपले, असे मानतात. मागचे दिवस जागच्या जागी राहतात. लग्न रद्दबातल ठरले की मागचे दिवसही पुसले जातात. राणी राणी राहत नाही, आणि मुले औरस राहत नाहीत. हेन्रीने असे निकाल तीनदा मिळवले : अरागॉनची कॅथरिन, अ‍ॅन बोलिन आणि क्लीव्हजची अ‍ॅन. सहा राण्यांपैकी निम्म्या कागदोपत्री कधी राण्या नव्हत्याच.

थोरल्या भावाची विधवा

कॅथरिन ही स्पेनची राजकन्या. तिचे पहिले लग्न हेन्रीच्या थोरल्या भावाशी, आर्थरशी, नोव्हेंबर १५०१ मध्ये झाले. आर्थर पंधरा वर्षांचा होता. पाच महिन्यांत तो वारला. धाकट्या दिराशी तिचे लग्न लावायचे ठरले, पण भावाच्या विधवेशी लग्न धर्मकायद्याला मंजूर नव्हते. पोप दुसरा ज्युलियस याने खास सूट दिली, आणि १५०९ मध्ये हेन्री गादीवर येताच लग्न झाले.

विदर्भातल्या वाचकाला यात अडखळण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडेल. आपल्याकडे अनेक जातींत थोरल्या भावाच्या विधवेने धाकट्या दिराशी पाट लावणे ही जुनी रीत होती. घरातली सून आणि तिची मुले घरातच राहत. ज्यू परंपरेतही अशी रीत होती. बायबलच्या जुन्या करारात तर दोन्ही बाजूंचे वचन सापडते. 'लेवीय' या पुस्तकात भावाच्या बायकोशी संबंध निषिद्ध मानला आहे आणि तसे करणारे निःसंतान राहतील असे म्हटले आहे. 'अनुवाद' या पुस्तकात मात्र भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या विधवेला बायको करून घेणे हे दिराचे कर्तव्य सांगितले आहे.

हेन्रीला १५२७ च्या सुमारास पहिले वचन आठवले. कॅथरिनची अनेक बाळंतपणे वाया गेली होती. १५११ मध्ये झालेला मुलगा दोन महिनेही जगला नाही. १५१६ मध्ये झालेली मेरी तेवढी वाचली. राजाने असा अर्थ लावला की, मुलगी असणे म्हणजे निःसंतान असणेच, आणि हा देवाचा कोप आहे. दरम्यान त्याचे मन अ‍ॅन बोलिनवर बसले होते. त्याची टोचणी खरी होती की सोयीची, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला वाटते, दोन्ही एकाच माणसात राहू शकतात. कोर्टाबाहेर बसलेल्याला हे नवल वाटत नाही.

राजांची लग्ने रद्द होणे त्या काळी नवे नव्हते. फ्रान्सच्या बाराव्या लुईला १४९८ मध्ये असा निकाल मिळाला होता. हेन्रीच्या स्वतःच्या बहिणीला, मार्गारेटला, तो १५२७ मध्येच मिळाला. मग हेन्रीचेच घोडे का अडले? कारण त्याच वर्षी मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले आणि पोप सातवा क्लेमेंट त्याच्या कैदेत पडला. चार्ल्स हा कॅथरिनचा भाचा. मावशीला टाकू देणारा निकाल क्लेमेंटने कसा द्यावा? शिवाय आधीच्या पोपने दिलेली सूट चुकीची होती, असेही त्याला म्हणावे लागले असते.

१५२९ मध्ये लंडनला ब्लॅकफ्रायर्स येथे वुल्सी आणि कँपेजिओ या दोन कार्डिनलांपुढे सुनावणी झाली. कॅथरिन भर न्यायालयात राजापुढे गुडघे टेकून बोलली. आर्थरशी आपला शरीरसंबंध झालाच नव्हता, आपण कुमारिका म्हणून हेन्रीकडे आलो, हे तिचे म्हणणे अखेरपर्यंत कायम राहिले. रोममध्ये अपील करून ती निघून गेली. पुन्हा बोलावले तरी परतली नाही. लवकरच पोपने खटला रोमला मागवून घेतला.

पुढची चार वर्षे हेन्रीने एकाच प्रश्नावर काम केले : निकाल कोणाचा चालणार? १५३३ मध्ये पार्लमेंटने कायदा करून रोमकडे जाणारी अपिले बंद केली. नवा आर्चबिशप थॉमस क्रॅनमर याने २३ मे रोजी कॅथरिनचे लग्न रद्दबातल ठरवले. अ‍ॅनशी राजाचे लग्न त्याआधीच गुपचूप लागले होते आणि ती गरोदर होती. पोपने मार्च १५३४ मध्ये कॅथरिनच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा त्याला इंग्लंडमध्ये विचारणारा कोणी उरला नव्हता. त्याच वर्षी राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख असा कायदा झाला. हे नाकारल्याबद्दल १५३५ मध्ये टॉमस मोर आणि बिशप फिशर यांची डोकी गेली. सदरची दोन कॅथेड्रल वेगळी झाली ती या वळणावर.

निकालावर निकाल

अ‍ॅनलाही मुलगीच झाली, सप्टेंबर १५३३ मध्ये, एलिझाबेथ. मे १५३६ मध्ये अ‍ॅनवर व्यभिचार आणि राजद्रोहाचे आरोप ठेवले गेले. १५ मेला दोषी ठरली, १७ मेला क्रॅनमरने तिचे लग्न रद्दबातल ठरवले आणि १९ मेला तिचा शिरच्छेद झाला. या तीन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. लग्न मुळातच झाले नव्हते, तर ती राजाची पत्नी नव्हती. आणि पत्नी नव्हती, तर व्यभिचार कसला? कारण काय दिले, तर लग्नाच्या वेळी माहीत नसलेले काही अडथळे, एवढेच मोघम. मरणाची शिक्षा झालेल्या बाईचे लग्न आणखी वेगळे मोडायची गरज काय होती, याचे उत्तर मुलीत आहे. एलिझाबेथला वारसांच्या रांगेतून काढायचे होते. त्या वर्षीच्या वारसा कायद्याने मेरी आणि एलिझाबेथ दोघीही अनौरस ठरल्या. मेरी वीस वर्षांची होती, एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती.

तिसरी राणी जेन सीमोर हिने १५३७ मध्ये मुलगा दिला आणि ती बारा दिवसांत वारली. चौथी, क्लीव्हजची अ‍ॅन, जानेवारी १५४० मध्ये आली आणि जुलैमध्ये तिचे लग्न रद्द झाले. तिचा वाङ्‌निश्चय पूर्वी लोरेनच्या राजपुत्राशी झाला होता, राजाची मनापासून संमती नव्हती आणि शरीरसंबंध झाला नाही, ही कारणे दाखवली गेली. तिने वाद घातला नाही. तिला जमीनजुमला, वाडे आणि राजाची बहीण असा मान मिळाला, आणि ती हेन्रीनंतर दहा वर्षे जगली. तिने व्यवहार ओळखला होता. पण तिला मूल नव्हते, हेही विसरता येत नाही. कॅथरिन इतकी का झगडली, याचे एक कारण मेरी हे होते. पाचवी कॅथरिन हॉवर्ड १५४२ मध्ये मारली गेली. सहावी कॅथरिन पार राजाच्या मागे राहिली.

अखेर १५४४ च्या कायद्याने दोन्ही मुलींना वारसांच्या यादीत परत घेतले, पण औरस मात्र म्हटले नाही. त्याच दोघी पुढे इंग्लंडच्या राण्या झाल्या. ज्या मुलासाठी हा खटाटोप झाला तो सहावा एडवर्ड पंधराव्या वर्षी वारला. 'अनौरस' एलिझाबेथने चव्वेचाळीस वर्षे राज्य केले.

दोन बंद दारे

हेन्रीच्या जागी मराठा राजा असता तर काय झाले असते, हा प्रश्न मी नेहमी स्वतःला विचारतो. उत्तर सोपे आहे : त्याला लग्न मोडावे लागले नसते. पुत्र नसला तर दुसरी राणी करायची. तरीही नसला तर दत्तक घ्यायचा. शाहू महाराजांनंतर साताऱ्याच्या गादीवर रामराजे आले ते दत्तक म्हणूनच. नागपूरच्या जानोजी भोसल्यांना पुत्र नव्हता, त्यांनी भाऊ मुधोजींचा मुलगा रघुजी याला दत्तक घेतले.

हेन्रीसाठी ही दोन्ही दारे बंद होती. दुसऱ्या राणीचा विचार तिकडे कोणी केलाच नाही असे नाही. हे लग्न मोडण्यापेक्षा राजाने दुसरी राणी करावी, असे मत खुद्द मार्टिन लुथरने दिले होते. पण दोन राण्या असलेला राजा इंग्लंडने मान्य केला नसता. दत्तकाची तर गोष्टच नाही. इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकाची सोय पहिल्यांदा झाली ती १९२६ साली. हेन्रीला एक अनौरस मुलगा होता, हेन्री फिट्झरॉय. त्याला ड्यूक करता आले, वारस करता आले नाही. म्हणून लग्न मुळातच नव्हते असे ठरवणे, एवढी एकच वाट उरली.

याचा अर्थ आपली रीत चांगली होती, असा मी काढत नाही. अनेक राण्यांच्या वाड्यात कोणाचे काय होई, ते सांगायला नको. दत्तकानेही शांतता येतेच असे नाही. जानोजींनंतर भाऊ साबाजी आणि मुधोजी गादीसाठी झगडले आणि १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. पण एक गोष्ट खरी. या वाटांनी जाताना आधीची राणी 'कधी राणी नव्हतीच' असे कोणाला म्हणावे लागत नसे.

नागपुरात तोच प्रश्न

ते म्हणायची वेळ नागपूरवर आली, आणि म्हणणारे इंग्रज होते.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले. राण्या होत्या, पुत्र नव्हता, आणि हयातीत त्यांनी दत्तक घेतला नव्हता. त्यांच्यामागे राण्यांनी नात्यातल्या यशवंतराव आहेर या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव जानोजी ठेवले. महाराष्ट्रात सतराव्या शतकातल्या नीळकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला मोठा मान आहे. त्या परंपरेत नवऱ्याने हयातीत स्पष्ट आज्ञा दिली नसली तरी विधवेला दत्तक घेता येतो. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने ते मानले नाही. आमच्या संमतीशिवाय झालेल्या दत्तकाने राज्य मिळत नाही, वारस नाही, सबब राज्य कंपनीचे, असा निर्णय १८५४ च्या प्रारंभी झाला. रेसिडेंट मॅन्सेल गादी राखावी या मताचा होता. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल जॉन लो याने विरोध नोंदवला. उपयोग झाला नाही.

यातली खरी गोम पुढे आहे. हे तिसरे रघुजी स्वतः गादीवर कसे आले होते? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेबांना इंग्रजांनी पदच्युत केले. १८१८ मध्ये दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा याला गादीवर बसवायचे ठरले. त्यासाठी खून झालेल्या परसोजींची विधवा दुर्गाबाई हिने त्याला दत्तक घेतले. म्हणजे विधवेने, नवऱ्याच्या मृत्यूनंतर वर्ष उलटून गेल्यावर घेतलेला दत्तक. तेव्हा कंपनीला राजा हवा होता, तेव्हा तो दत्तक चालला. छत्तीस वर्षांनी राज्य हवे होते, तेव्हा तसाच दत्तक चालला नाही. डलहौसीचा युक्तिवाद असा की, १८१८ ची गादी ही मुळी कंपनीने दिलेली देणगी होती. दिलेल्या सुटीचा नंतर वेगळा अर्थ लावायचा, ही रीत हेन्रीला परकी वाटली नसती.

दुसऱ्या रघुजींची विधवा बाकाबाई तेव्हा म्हातारी होती. तिसऱ्या रघुजींच्या बालपणी तिने कारभार पाहिला होता. वाड्यातले जडजवाहीर आणि सामान सरकारने ताब्यात घेतले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असे बाकाबाई म्हणाली, असे इंग्रज इतिहासकार के याने लिहून ठेवले आहे. ब्लॅकफ्रायर्सच्या दालनात गुडघे टेकलेली कॅथरिन आणि महालातल्या वाड्यात बसलेली बाकाबाई यांच्यात तीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दोघींना सांगितले जात होते ते एकच : तुमच्या घरात जे विधीपूर्वक झाले, ते झालेले नाही.

१८५७ नंतर वारे बदलले. सरकारने जानोजींना देऊरचे राजे म्हणून मान्यता दिली, राज्य मात्र परत केले नाही. पुढे लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. नागपूरला त्या उशिराच होत्या.

आजचा कायदा

आज आपल्याकडे घटस्फोट आहे, तरी लग्न रद्दबातल ठरवण्याची तरतूद कायम आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात दोन प्रकार आहेत. जोडीदार हयात असताना केलेले दुसरे लग्न, किंवा निषिद्ध नात्यातले लग्न, मुळातच रद्दबातल. फसवणुकीने वा जबरदस्तीने घेतलेली संमती अशा कारणांवर लग्न रद्द करवून घेता येते, पण न्यायालयाने तसे ठरवेपर्यंत ते लग्नच असते. गंमत म्हणजे भावाची बायको या कायद्याच्याही निषिद्ध नात्यांत येते. मात्र दोघांच्या समाजात तशी रूढी असेल तर ते लग्न चालते. पोपच्या सुटीची जागा इथे रूढीने घेतली आहे. इंग्लंडमध्ये भावाच्या विधवेशी लग्न कायदेशीर झाले ते १९२१ साली.

निकाल कोणाचा चालणार, या हेन्रीच्या प्रश्नाचेही उत्तर आपल्याकडे दिले गेले आहे. चर्चच्या धर्मन्यायालयाने लग्न रद्द ठरवले तरी दिवाणी कायद्याने ते रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले.

सर्वांत महत्त्वाचा फरक मुलांबाबत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार लग्न रद्दबातल असले तरी त्यातून झालेली मुले औरस मानली जातात. १९७६ च्या दुरुस्तीने हे संरक्षण अधिक पक्के झाले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत बापाच्या वाट्याला जे आले असते, त्यात अशा मुलांचा हक्क आहे. मेरी आणि एलिझाबेथला जे मिळाले नाही ते हे कलम देते : आईबापांच्या लग्नाबद्दल न्यायालय काहीही म्हणो, मूल झाले ते झालेच.

त्या बाईंचा अर्ज मंजूर झाला, असे नंतर वकिलांकडून कळले. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाचे नाव लिहायचे की नाही, हे विचारायला त्या एकदा माझ्या टेबलापाशी आल्या होत्या. तेव्हा मला कलम १६ ठाऊक नव्हते. वकिलांना विचारून या, एवढेच मी म्हणालो. आज त्या आल्या असत्या तर सांगू शकलो असतो की, लिहा, तो मुलीचा हक्क आहे. 'तथाकथित' हा शब्द तिच्या बाबतीत लागत नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी याच ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात अँग्लिकन मंडळी इतर प्रॉटेस्टंट मंडळींशी मिळाली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. हेन्रीपासून चालत आलेले ते वेगळे चर्च उत्तर भारतापुरते आमच्या सदरमध्ये दुसऱ्या एका नावात विलीन झाले. तिथल्या कोणी मात्र असे म्हटले नाही की, आधीचे चर्च कधी नव्हतेच.